संगणक फारच मंद झालाय, रॅम वाढवायची सोय नाही. काय करता येईल?

अबोली

नमस्कार मंडळी. मी संगमनेर तालुक्यातल्या एका प्राथमिक शाळेत शिकवते. माझा लॅपटॉप २०१७ सालचा आहे. सहाव्या पिढीचा आय-३, ४ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क आणि विंडोज १०. काल मोबाइलवर वेळ लावून बघितली. बटण दाबल्यापासून डेस्कटॉप दिसायला ४ मिनिटं आणि तिथून क्रोम उघडून कामाला लागेपर्यंत आणखी ५. निकालपत्रकाची एक्सेल फाइल उघडताना तर पडदा पांढरा होऊन बसतो. वर्गात मुलं समोर बसलेली असतात, पाण्याच्या चक्राचा व्हिडिओ दाखवायचा असतो, आणि तो सुरू होईपर्यंत त्यांचा सगळा उत्साह मावळतो. याचं मला फार वाईट वाटतं.

दुकानात नेला तर "रॅम टाका" म्हणाले. उघडल्यावर कळलं की रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली आहे, जास्तीची पट्टी बसवायला जागाच नाही. नवीन घेणं यंदा शक्य नाही. पैसे न घालता काही करता येईल का?

शिवारफेरी

ताई, ८ जीबीचा चांगला पेनड्राइव्ह असेल तर लावून बघा. पेनड्राइव्हवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, तिथे रेडीबूस्टचा टॅब असतो. पेनड्राइव्ह रॅमसारखा वापरला जातो. सोबत एखादं रॅम क्लीनर टाका, दर तासाला मेमरी मोकळी करतं.

पाना-पक्कड

अबोलीताई, थांबा. अजून काहीच टाकू नका आणि काहीच काढू नका. कोल्हापुरात १६ वर्षं दुरुस्तीच्या टेबलावर बसतोय. "स्लो झालाय" म्हणून येणाऱ्या यंत्रांत रॅम कमी पडणं हे एक कारण असतं, एकमेव नसतं. ताप आला म्हणून तपासल्याशिवाय गोळी देऊ नये, तसंच हे.

एवढं करा. यंत्र सुरू करून १० मिनिटं हात लावू नका. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्सवर जा आणि या गोष्टी लिहून इथे टाका: सीपीयू किती टक्के आणि त्याखाली 'स्पीड' किती गिगाहर्ट्झ, मेमरी किती टक्के, डिस्क किती टक्के, आणि ती वाचण्या-लिहिण्याचा वेग किती. स्टार्टअपच्या टॅबमध्ये किती नावं 'एनेबल्ड' आहेत तेही मोजा.

शिवारफेरी, राग मानू नका, पण रॅम क्लीनर सांगू नका कुणाला. ते प्रोग्रामांची पानं (मेमरीतले छोटे तुकडे) रॅममधून हुसकावतं. आकडा कमी दिसतो, माणूस खूश होतो, आणि पुढच्याच क्लिकला तीच पानं हार्ड डिस्कवरून परत आणावी लागतात. रिकामी रॅम म्हणजे वेगवान संगणक नव्हे. विंडोज उरलेल्या रॅममध्ये नुकत्याच वापरलेल्या फाइली जपून ठेवतं आणि गरज पडली की ती जागा लगेच सोडतं. ते चांगलंच आहे.

रेडीबूस्टचं म्हणाल, तर ते २००७ साली व्हिस्टासोबत आलं. तेव्हा ५१२ एमबी रॅमची यंत्रं सर्रास होती, त्यांना थोडा आधार मिळायचा. पेनड्राइव्ह त्यात रॅम होत नाही, हार्ड डिस्कवरच्या गोष्टींची एक हाताशी प्रत ठेवली जाते, एवढंच. ४ जीबीच्या यंत्रावर मला तरी डोळ्यांना जाणवेल असा फरक कधी दिसला नाही. घरात पेनड्राइव्ह पडून असेल तर लावा, मुद्दाम विकत आणू नका.

अबोली

धन्यवाद दादा. सांगितल्याप्रमाणे १० मिनिटं थांबून बघितलं.

सीपीयू १४ ते २० टक्के, स्पीड १.९ गिगाहर्ट्झच्या आसपास.
मेमरी ८१ टक्के.
डिस्क १०० टक्के! हलतच नाही. पण वाचायचा वेग फक्त १.८ एमबी प्रति सेकंद दाखवतो. एवढ्याशा कामाला १०० टक्के कसे?
स्टार्टअपमध्ये १४ नावं. त्यात दोन अँटिव्हायरस आहेत. एक लॅपटॉपसोबत आलेला, त्याची मुदत २०१८ लाच संपली. दुसरा भावाने टाकलेला.

पाना-पक्कड

सापडलं बघा. तुमचा प्रश्न अगदी योग्य आहे, त्याचं उत्तर नीट देतो, कारण सगळं त्यातच आहे.

लॅपटॉपमधली साधी हार्ड डिस्क बहुधा ५४०० आरपीएमची, म्हणजे सेकंदाला ९० फेरे. एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. हवी ती जागा वाचणाऱ्या सुईखाली यायला सरासरी अर्धा फेरा, आणि त्याआधी ती सुई योग्य वर्तुळावर न्यायला अंदाजे १२ मिलिसेकंद. मिळून १७-१८. म्हणजे इकडेतिकडे विखुरलेल्या मागण्या असतील तर सेकंदाला पन्नास-साठच पुऱ्या होतात. तीच डिस्क एक मोठी फाइल सलग वाचायला दिली तर सेकंदाला ८०-१०० एमबी सहज देते.

गिरणीत एकाच गिऱ्हाईकाचं पायलीभर दळण असेल तर भराभर निघतं. पण दर मुठीला डबा बदलायचा म्हटलं, आता ज्वारी, आता गहू, परत ज्वारी, तर गिरणी दिवसभर चालू राहील आणि पीठ मात्र शेरभरच पडेल. तुमची डिस्क सध्या तेच करतेय. दोन अँटिव्हायरस प्रत्येक फाइल दोनदा तपासतात, अपडेट उतरतंय, शोधसूची बनतेय, १४ प्रोग्राम एकदम उठतात. त्यात मेमरी भरत आली की विंडोज डिस्कवरच्या पेजफाइल नावाच्या राखीव फाइलमध्ये ४-४ केबीची पानं ठेवतं आणि काढतं. ती गिरणीसुद्धा हीच. म्हणून तुमच्याकडे रॅमची तंगी 'डिस्क १०० टक्के' या रूपात दिसते.

आता हात घालायच्या आधी दोन कामं. पहिलं, महत्त्वाच्या फाइली दुसरीकडे उतरवून घ्या. दुसरं, डिस्कची तब्येत सांगणारं क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर त्याच्या मूळ साइटवरून घेऊन चालवा. वरच्या चौकटीत निळं 'गुड' आहे की पिवळं 'कॉशन', ते सांगा. आठ वर्षांची डिस्क आहे. आजारी असेल तर वेग वाढवायच्या नादात आहे तेही जायचं.

अबोली

निळं आलं. गुड. 'रीअलोकेटेड' आणि 'पेंडिंग' दोन्ही पुढे शून्य आहे. शाळेचं फोल्डर दोन पेनड्राइव्हवर घेतलं.

पाना-पक्कड

छान. आता या क्रमाने चला, आणि प्रत्येक पायरीनंतर वेळ मोजा. नाहीतर कशाने गुण आला ते कळत नाही.

दोन्ही अँटिव्हायरस काढा, कंट्रोल पॅनलमधून रीतसर. ते गेले की विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आपोआप कामाला लागतो, तुमच्या कामाला तो पुरेसा आहे. स्टार्टअपमधली १४ नावं घ्या. टचपॅड, साउंड यांची राहू द्या, बाकी 'डिसेबल' करा. डिसेबल केल्याने प्रोग्राम जात नाही, फक्त सकाळी सगळ्यांसोबत उठत नाही.

सी ड्राइव्हवर किती जागा उरली आहे ते बघा. पाचव्या भागाइतकी तरी मोकळी हवी, कारण अपडेट आणि पेजफाइल दोघांनाही तिथेच अंग पसरायचं असतं. मग 'ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज' उघडून डीफ्रॅग लावा, म्हणजे फाइलींचे विखुरलेले तुकडे सलग लागतात, आणि रात्रभर सोडा. (वाचकांपैकी ज्यांच्याकडे एसएसडी, म्हणजे न फिरणारी चिपची डिस्क, आहे त्यांनी डीफ्रॅग करू नये. तिथे तेच बटण वेगळं काम करतं, ते विंडोजवर सोपवा.) पेजफाइल बंद करा असा सल्ला कुणी देईल. ४ जीबीवर अजिबात बंद करू नका, चालू प्रोग्राम धडाधड बंद पडतील.

आणखी एक. तुम्ही रोज 'शट डाउन' करता ना? विंडोज १० मध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असतो. त्यामुळे शट डाउन केलं तरी विंडोजचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत आणतात. खरी नवी सुरुवात 'रीस्टार्ट'नेच होते. आठवड्यातून एकदा रीस्टार्ट करत जा.

जुळारी

पाना-पक्कड दादांच्या प्रतिसादाला +१. माझा अनुभव जोडतो. मी पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळ अक्षरजुळणी करतो. लग्नपत्रिका, स्मरणिका, दिवाळी अंकांची पानं. माझं यंत्र ८ जीबीचं असूनही जुळणीचं सॉफ्टवेअर उघडायला तीन-तीन मिनिटं घ्यायचं. शेवटी विंडोजचं फॉन्टचं फोल्डर उघडून बघितलं तर १४०० च्या वर फॉन्ट! वीस वर्षांत प्रत्येक गिऱ्हाइकाने फाइलसोबत दिलेले, युनिकोडच्या आधीचे. एकाच फॉन्टच्या चार-चार प्रती. सॉफ्टवेअर उघडताना ते सगळे चाळतं. मी ७० ठेवले, बाकी दुसऱ्या ड्राइव्हवर गिऱ्हाइकाच्या नावाने लावून ठेवले. काम आलं की तेवढेच घालतो. आता पाऊण मिनिटात उघडतं.

अबोलीताई, तुमची ती निकालपत्रकाची फाइल किती एमबीची आहे? साठ मुलांचे गुण असतील तर ती काही केबींचीच असायला हवी.

अबोली

बापरे, ३८ एमबी आहे! चार वर्गांची चार पानं आहेत फक्त.

जुळारी

मला तीच शंका होती. फाइल उघडा आणि कंट्रोल-एंड दाबा. कर्सर शेवटच्या नोंदीवर न थांबता कुठल्या कुठे गेला, तर कुणीतरी पार तळाच्या ओळीपर्यंत निवडून चौकटी किंवा रंग दिलाय. एक्सेलच्या एका पानात १०,४८,५७६ ओळी असतात, आणि त्या सगळ्यांचा रंगरंगोटीचा हिशेब फाइलमध्ये साठतो.

आधी प्रत काढा. मग शेवटच्या मुलाखालची ओळ डावीकडच्या क्रमांकावर क्लिक करून निवडा, कंट्रोल-शिफ्ट आणि खालचा बाण दाबा, राइट क्लिक करून 'डिलीट'. कीबोर्डवरचं डिलीट बटण नको, त्याने मजकूर जातो, रंगरंगोटी तशीच राहते. प्रत्येक पानाला असं करा आणि सेव्ह करा.

अबोली

कर्सर खरंच १०,४८,५७६ व्या ओळीवर गेला होता! दोन पानांवर हे झालेलं. आता फाइल २१० केबीची आहे आणि क्लिक करताच उघडते. गेली तीन वर्षं मी हीच फाइल पुढे ओढत आलेय, केंद्रातल्या बाकीच्या बाईंनाही हीच पाठवलेली. सगळ्यांना आजच कळवते.

मावळतीकर

या धाग्यावर उन्हाळ्याबद्दल आणि चार्जरबद्दलही लिहायला हवं. माझ्या लॅपटॉपचा मूळ चार्जर गेला, बाजारातून तसाच दिसणारा साधा चार्जर आणला. चार्जिंग व्हायचं, पण यंत्र इतकं हळू की अक्षर टाइप केल्यावर उमटायला वेळ. दोन महिने मी विंडोजला दोष दिला, नवं विंडोज टाकूनही काही फरक नाही. मग टास्क मॅनेजरमध्ये 'स्पीड' बघितला: ०.७८ गिगाहर्ट्झ, जागचा हलेना. चार्जर काढला आणि बॅटरीवर चालवलं तर थेट २.६!

काही लॅपटॉपांच्या चार्जरच्या टोकात मध्ये एक बारीक सुई असते. तिच्यावरून यंत्र ओळखतं की चार्जर किती वॅटचा आहे. ओळख पटली नाही की ते सावधगिरी म्हणून प्रोसेसरचा वेग पार खाली आणतं. माझ्या नव्या चार्जरला ती सुई होती, पण आत काहीच जोडलेलं नव्हतं. योग्य चार्जर आणला, त्या क्षणी यंत्र पूर्वीसारखं. म्हणून पाना-पक्कड दादांनी 'स्पीड' लिहायला सांगितलं, ते किती मोलाचं आहे ते मला कळतं.

पाना-पक्कड

अगदी बरोबर. वेग खाली राहण्याचं दुसरं कारण म्हणजे धूळ. पंख्याच्या समोर तांब्याच्या किंवा अॅल्युमिनियमच्या बारीक पात्यांची जाळी असते, तिच्या आतल्या बाजूला धुळीचा थर नमद्यासारखा जमतो. बाहेरून फुंकून जात नाही. मागचं झाकण काढलं की तो चिमटीत धरून अख्खी घडी उचलावी तसा निघतो. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. सकाळी बरा आणि तासाभराने मंद, असं होत असेल तर आधी पंखा. आणि लॅपटॉप गादीवर ठेवून वापरू नका, हवा खालून आत जाते.

अबोलीताईंचा वेग ठीक आहे, त्यांना याची गरज नाही.

सातासमुद्रापार

मी लिनक्सची, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या फुकट प्रणालीची, बाजू मांडते. आईचा सांगलीतला २०१३ चा लॅपटॉप, ४ जीबी, त्यावर मागच्या सुट्टीत लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती टाकली. तिला किमान २ जीबी लागते, ४ असेल तर निवांत. मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड सेटिंगमधून निघतो, युट्यूब, मेल, बँकेची साइट सगळं चालतं. झेडरॅम नावाची सोय चालू केली. त्यात रॅममधली मागे पडलेली पानं डिस्कवर न पाठवता रॅममध्येच दाबून, आकुंचित करून ठेवतात. प्रोसेसरला थोडं काम वाढतं, पण डिस्कच्या फेऱ्या वाचतात. (विंडोज १० सुद्धा असंच करतं. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीखाली 'कॉम्प्रेस्ड' आकडा दिसतो तो हाच.)

हे सांगायचं आणखी एक कारण आहे. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरकर्त्यांना वेगळी नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट घेता येतात. सहाव्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाही. तेव्हा ताईंना हा विचार कधीतरी करावा लागेलच. पेनड्राइव्हवरून न बसवताही लिनक्स चालवून बघता येतं. एक्सेलमधले मॅक्रो आणि डिजिटल सहीची टोकनं या दोन ठिकाणी अडचण येऊ शकते, शाळेच्या कामात ती लागत असतील तर आधी तपासा.

अबोली

ताई, हे माझ्या लक्षातच नव्हतं. नोंदणी करून घेते आणि सुट्टीत पेनड्राइव्हवरून मिंट बघते.

आता माझे आकडे. अँटिव्हायरस काढल्यावर डेस्कटॉप ४ मिनिटांवरून २ मिनिटं ४० सेकंदांवर. स्टार्टअप आवरल्यावर १ मिनिट ५०. रात्रभर डीफ्रॅग केल्यावर १ मिनिट ३५. क्रोममध्ये सेटिंग्ज, परफॉर्मन्स इथे 'मेमरी सेव्हर' चालू केला, त्यामुळे न वापरलेले टॅब झोपतात. नऊ एक्स्टेन्शन होती, त्यातली सात मी कधी टाकली तेही आठवत नाही, ती काढली. क्रोम उघडायला आता ४० सेकंद. डिस्क दहा मिनिटांनी ५ ते १० टक्क्यांवर येऊन शांत होते.

एकूण ९ मिनिटांचं काम सव्वादोन मिनिटांवर आलं. एक रुपया खर्च झाला नाही. आज चौथीच्या मुलांनी पाण्याचं चक्र दोनदा बघितलं.

पाना-पक्कड

वाचून फार बरं वाटलं ताई. पुढे कधी दोन पैसे हाताशी आले तर पहिली वस्तू साधी साटा एसएसडी घ्या. तुमच्या डिस्कच्याच जागी बसते आणि तिच्यात फिरणारं काही नाही, म्हणून विखुरलेल्या मागण्या सेकंदाला हजारोंनी पुऱ्या करते. मोकळा स्लॉट असता तरी मी तुम्हाला रॅमआधी तीच सांगितली असती.

माजघर

मी इथे फक्त वाचते, पहिल्यांदाच लिहितेय. धागा वाचून माझ्या जुन्या लॅपटॉपवर क्रिस्टलडिस्कइन्फो चालवलं. पिवळं आलं. 'करंट पेंडिंग सेक्टर' पुढे २४ (रॉ व्हॅल्यू दशमान आकड्यांत बघितली). लॅपटॉप वर्षभर मंद आहे, मधूनच गोठतो, टक् टक् असा आवाज येतो. माझ्याकडे आईच्या जात्यावरच्या ओव्यांची ४१ ध्वनिमुद्रणं आहेत, २०१६ ची. आई आता नाही. दुसरीकडे प्रत नाही. आता काय करू? एकाने चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करणारं साधन) चालवा सांगितलं.

पाना-पक्कड

ताई, चेकडिस्क नको. आत्ता नको. ते खराब जागा शोधताना सगळी डिस्क वाचायला लावू शकतं, आणि थकलेल्या डिस्कचा उरलेला श्वास त्यात जातो. डीफ्रॅगही नको, काही नवीन टाकूही नका. बाहेरची डिस्क किंवा पेनड्राइव्ह लावा आणि फक्त ते ओव्यांचं फोल्डर आधी उचला. फोटो, कागदपत्रं नंतर. एखाद्या फाइलवर अडलं तर 'स्किप' करून पुढे जा, तिच्यावर हट्ट धरू नका. मी फोनजवळच आहे, इथे लिहीत राहा.

माजघर

३९ आल्या. दोन अडल्या. एक अर्ध्यावर आणि एक सुरुवातीलाच.

पाना-पक्कड

३९ आल्या हे फार मोठं आहे. आता लॅपटॉप बंद करा आणि चालू करू नका. उरलेल्या दोनसाठी डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडायची, आणि लिनक्सवरच्या डीडीरेस्क्यूने अख्ख्या डिस्कची प्रत घ्यायची. ते आधी सोपा भाग उचलतं, बिघडलेल्या जागा शेवटाला ठेवतं आणि मग त्यांच्यावर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं. मग फाइली त्या प्रतीतून काढायच्या, मूळ डिस्कला हात लावायचा नाही. तुमच्या गावात हे करणारं कुणी असेल तर त्यांना एवढंच वाक्य दाखवा. नसेल तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, डिस्क कुरिअरने पाठवा. याचे मी पैसे घेणार नाही.

माजघर

(आठ दिवसांनी) डिस्क दादांकडे पोचली होती. आज त्यांनी दोन्ही फाइली पाठवल्या. एक पूर्ण आहे. दुसरीत मधले अकरा सेकंद नाहीत, पण त्याच्या आधी आई खोकून "थांब गं, परत म्हणते" म्हणते, ते आलंय.

अबोली

ताई, मी शाळेच्या फोल्डरची तिसरी प्रत आत्ता काढायला बसलेय.